पाखराची लाळ आणि आपली स्मरणशक्ती

परदेशातून येणाऱ्या मुलांच्या बॅगेत पूर्वी चॉकलेटं, बदाम आणि गुडघ्याला चोळायचं मलम असायचं. आता त्यात छोट्या काचेच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. आत किंचित बुळबुळीत, गोडसर पाणी आणि त्यात तरंगणारे पांढरट तंतू. वर नाव ‘बर्ड्स नेस्ट’, म्हणजे पक्ष्याचं घरटं. ज्यांचा मुलगा सिंगापूरला किंवा मुलगी क्वालालंपूरला नोकरीला आहे, अशा घरांतून या बाटल्या माझ्या टेबलावर येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, याने मेंदू तल्लख राहतो म्हणे. विसरायला होणं थांबतं. घेऊ का?”

उत्तर आधीच सांगून टाकतो. मेंदूसाठी म्हणून घेऊ नका. आणि हे घेतलं म्हणून बीपीची गोळी, रक्ताची तपासणी किंवा कानाचं यंत्र पुढे ढकलणार असाल, तर अजिबातच घेऊ नका. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो.

आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते समजून घेऊ. आग्नेय आशियात, म्हणजे इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम या भागात पाकोळीच्या कुळातला एक छोटा पक्षी असतो. तो गुहांमध्ये राहतो आणि अंधारात वटवाघळासारखा आवाजाच्या पडसादावर वाट काढतो. विणीच्या हंगामात त्याच्या जिभेखालच्या लाळग्रंथी फुगतात. त्या लाळेचे धागे कातळाला चिकटवत तो साधारण महिनाभरात वाटीच्या अर्ध्या आकाराचं घरटं बांधतो. लाळ हवेत सुकून घट्ट होते. हे घरटं काढायचं, भिजवायचं, चिमट्याने एकेक पीस वेचून साफ करायचं आणि खडीसाखर घालून वाफेवर शिजवायचं, अशी ही चिनी मेजवानीतली मानाची चीज. एका घरट्याचं सुकं वजन दहा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि चांगल्या मालाचा भाव किलोला लाखाच्या पुढे जातो. आता गुहांवर भागत नाही म्हणून इंडोनेशिया-मलेशियात या पक्ष्यांसाठी खिडक्या नसलेल्या उंच काँक्रीटच्या इमारती बांधतात आणि पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती लावून त्यांना आत बोलावतात.

“शी, थुंकी?” असं तोंड करू नका. मध म्हणजे तरी काय, मधमाशीने पोटातल्या पिशवीतून परत काढलेला मकरंदच. कोण काय खातं यावर मला काही म्हणायचं नाही. चिनी घरांत बाळंतिणीला, आजाऱ्याला, म्हाताऱ्या आईला प्रेमाने हा पदार्थ देतात, जसे आपण डिंकाचे लाडू देतो. त्या प्रेमाशी माझं भांडण नाही. माझं भांडण बाटलीवरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्या एका वाक्याशी आहे: ‘मेंदूचं संरक्षण करतं.’

गंमत अशी की चिनी परंपरेत हा पदार्थ मुख्यतः मेंदूसाठी सांगितलेलाच नाही. जुना खोकला, छातीतला कोरडेपणा, अशक्तपणा आणि कातडीची कांती, यांसाठी तो दिला जाई. मेंदूचा दावा अगदी अलीकडचा आहे. म्हणजे ‘शेकडो वर्षांचा अनुभव आहे’ हे सांगताना परंपरा छातीच्या विकाराची वापरायची आणि विकताना भीती मात्र विस्मरणाची घालायची. हे आपल्याकडेही होतं, म्हणून ओळखायला शिका. ज्या आजाराला लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्याचं लेबल जुन्या बरणीवर नव्याने चिकटवलं जातं.

मग मेंदूचा संबंध आला कुठून? घरट्यात साधारण साठ टक्के प्रथिनं असतात आणि शेकडा नऊ-दहाच्या आसपास ‘सायालिक ॲसिड’ नावाची एक विशेष प्रकारची साखर असते. हीच साखर आपल्या मेंदूतल्या पेशींच्या आवरणातही भरपूर असते. आईच्या दुधात, त्यातही पहिल्या चिकात ती पुष्कळ असते. २००७ साली डुकराच्या पिल्लांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुधातून जास्त सायालिक ॲसिड दिलेली पिल्लं काही गोष्टी लवकर शिकली, असं त्यात दिसलं. त्यानंतर घरट्याचा अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर घालून पाहिला गेला, उंदरांना खाऊ घालून त्यांना पाण्याच्या हौदात वाट शोधायला लावली गेली, बीजकोश काढलेल्या उंदीरमाद्यांना दिला गेला. यांपैकी अनेक प्रयोगांत पेशी कमी मेल्या, उंदरांनी वाट लवकर शोधली. हे प्रयोग खोटे आहेत असं मी म्हणत नाही. विज्ञानाची सुरुवात अशीच होते. पण सुरुवातीलाच बाटलीत भरून विकायला काढणं, हे विज्ञान नव्हे.

काचेच्या बशीत अर्क थेट पेशीवर पडतो. तुमच्या तोंडात टाकलेला घोट थेट मेंदूवर पडत नाही. आधी जठरातलं आम्ल, मग स्वादुपिंडाचा रस, मग आतड्याची भिंत, मग यकृत, आणि शेवटी मेंदूभोवतीची ती कडक चौकी, जी रक्तातल्या बहुतेक मोठ्या रेणूंना आत सोडतच नाही. घरट्यातलं प्रथिन पोटात गेलं की वरणातल्या आणि अंड्यातल्या प्रथिनासारखेच त्याचे तुकडे होतात. तुमच्या घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर त्यांना विचारा, ते टोचूनच का घ्यावं लागतं? इन्शुलिन हेही प्रथिन आहे. साधं गिळलं तर ते पचून जातं, रक्तातली साखर जागची हलत नाही. ‘यात पेशींची वाढ करणारा खास घटक आहे’ असं जाहिरातीत लिहिलेलं दिसलं की हे इन्शुलिन आठवा.

राहिलं सायालिक ॲसिड. ते आपलं शरीर स्वतः तयार करतं, तेही साध्या साखरेपासून, आणि निरोगी प्रौढ माणसात त्याचा तुटवडा पडत नाही. तोंडाने घेतलेलं सुटं सायालिक ॲसिड बरंचसं लघवीतून निघून जातं. नवजात बाळाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, तिथला हिशोब वेगळा. त्या पिल्लांचा अभ्यास म्हणूनच पिल्लांवर होता. सत्तरीतल्या आजोबांचा मेंदू वाढत नसतो, तो जपायचा असतो. या दोन गोष्टी एकाच चमच्यात कालवता येत नाहीत. ‘मेंदूत जे आहे ते खाल्लं की मेंदू सुधारतो’ हा तर्क म्हणजे अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, याच जातीचा आहे. (अक्रोड खुशाल खा, पण तो दिसतो कसा यावरून नको.)

या घरट्याने माणसांत डिमेन्शिया टळतो किंवा लांबतो, असं दाखवणारी मोठी आणि वर्षानुवर्षं चाललेली चाचणी झालेली नाही. ‘झाली नाही म्हणून काय, उद्या होईल’ असं कोणी म्हणेल. जरूर व्हावी. पण अशा चाचण्या झाल्यावर काय घडतं याचा इतिहासही पाहा. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. त्याच्या मागेही परंपरा होती, उंदीर होते, काचेच्या बश्या होत्या. मग अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,००० हून अधिक लोकांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली. २००८ साली निकाल आला: अर्क घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण कमी-जास्त नव्हतं. दुसरं उदाहरण जेलीफिशमधल्या एका प्रथिनाच्या गोळीचं. ‘प्रेव्हाजेन’ या नावाने ती स्मरणशक्तीसाठी अमेरिकेत जोरात खपली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली कंपनीवर दावा लावला आणि २०२४ च्या अखेरीस न्यायालयाने स्मरणशक्ती सुधारण्याचे दावे करायला मनाई केली. मधल्या काळात किती म्हाताऱ्या माणसांनी त्या गोळ्यांवर पेन्शन खर्च केली असेल, विचार करा.

आपल्या ब्राह्मीच्या गोळ्यांनाही मी हीच पट्टी लावतो, हे जाता जाता सांगतो. ‘तुम्हाला चिनी चालत नाही’ असा गैरसमज नको.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. “बरं, फायदा नसेल. पण नुकसान तर नाही ना?” या एका प्रश्नावर हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट ऐका.

तयार बाटलीच्या मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचा. पाणी, खडीसाखर, घट्टपणासाठी काहीतरी, आणि सुक्या घरट्याचा अंश बहुतेक वेळा शेकडा एक-दोन. मधुमेह असलेल्या माणसाने रोज सकाळी उपाशीपोटी हे घेणं म्हणजे मेंदूच्या नावाखाली साखरपाणी पिणं. आणि मधुमेह स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवतो! बिनसाखरेच्या बाटल्याही मिळतात, पण भेट देणारा ते बघून घेतोच असं नाही. सुटी घरटी महाग असल्यामुळे त्यांत भेसळही होते. लाल समुद्रशेवाळ, पांढरी बुरशी आणि एक खास आपल्या ओळखीचा पदार्थ, कांडोळाचा डिंक. सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या रानात पांढऱ्या खोडाचं जे कांडोळाचं झाड दिसतं, त्याचा डिंक भारतातून निर्यात होतो. म्हणजे आपल्याच रानातला डिंक तिकडे घरटं होऊन सोन्याच्या भावाने परत आपल्या आजीच्या पोटात जाण्याची शक्यता अगदीच चेष्टेवारी नेण्यासारखी नाही.

त्याहून गंभीर गोष्ट ॲलर्जीची. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये १९९० च्या दशकात मुलांना अन्नामुळे आलेल्या जीवघेण्या ॲलर्जीची कारणं तपासली, तेव्हा सर्वांत वरचं कारण शेंगदाणे किंवा मासे नव्हते, पक्ष्याचं घरटं होतं. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास अडकणं, बीपी कोसळणं. आजीसाठी आलेली बाटली ‘बुद्धीला चांगली’ म्हणून दम्याच्या नातवाला पाजण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

आणि ‘लाल घरटं म्हणजे पक्ष्याच्या रक्ताचं, म्हणून जास्त ताकदीचं’ अशीही एक समजूत आहे. तो रंग रक्ताचा नसतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून निघणाऱ्या वाफांमुळे घरट्यातल्या प्रथिनांवर होणाऱ्या रासायनिक क्रियेतून तो येतो. २०११ साली मलेशियातून चीनमध्ये गेलेल्या अशा लाल घरट्यांत नायट्राइटचं प्रमाण बेसुमार सापडलं आणि चीनने मलेशियाची घरटी घेणंच थांबवलं. पुढे किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालून व्यापार पुन्हा सुरू झाला.

हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी खरं नुकसान वेगळंच असतं, आणि ते बाटलीत दिसत नाही. ते वेळेचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचं सांगतो. निवृत्त शिक्षिका, अडुसष्ट वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, मधुमेहासाठी दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू. गॅसवर दूध ठेवून विसरायच्या, भिशीच्या पैशाचा हिशोब चुकायचा. मुलगी दर महिन्याला बाटल्या पाठवायची आणि काकू त्या औषधासारख्या नेमाने घ्यायच्या. (शाकाहारी काकूंना आपण पक्ष्याची लाळ पितो आहोत हे कोणी सांगितलं नव्हतं, तो वेगळाच विषय.) ‘उपाय चालू आहे’ म्हणून सात महिने कोणाला दाखवलं नाही. आल्या त्या पायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो म्हणून. रक्तात बी-१२ अगदी तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू केली. दोन-तीन महिन्यांत डोकं बरंच ताळ्यावर आलं, भिशीही परत हातात घेतली. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण नसा जास्त दिवस उपाशी राहिल्या की सगळं भरून येत नाही. बी-१२ ची तपासणी आणि इंजेक्शनं यांचा मिळून खर्च त्या बाटल्यांच्या एका खोक्याइतकाही झाला नसेल.

शाकाहार आणि मेटफॉर्मिन हे जोडपं महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. तुमच्या घरात असेल तर बी-१२ तपासून घ्या. बाकीचीही काही कारणं अशीच दुरुस्त होण्यासारखी असतात: थायरॉइड मंद असणं, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, आणि औषधं. हो, औषधंच! वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी, सर्दीची जुन्या पद्धतीची सुस्ती आणणारी गोळी, लघवी थांबत नाही म्हणून दिलेली काही औषधं म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात ठेवतात. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

आपल्या देशात साठीच्या वरच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. सगळ्यांचा टाळता येत नाही. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही. पण २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने हिशोब मांडला की जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया १४ अशा गोष्टींशी जोडलेला आहे ज्या बदलता येतात. त्यात बीपी आहे, मधुमेह आहे, ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आहे, तंबाखू-सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बैठं आयुष्य, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, प्रदूषण, कमी शिक्षण, ऐकू न येणं आणि दिसायला कमी होणं हेही आहे. घरटं नाही.

आणि आता ज्या चीनमध्ये ही घरटी सर्वांत जास्त खाल्ली जातात, तिथलीच एक गोष्ट. ग्रामीण चीनमधल्या ३२६ गावांत, बीपी आटोक्यात नसलेल्या जवळजवळ ३४,००० लोकांवर एक चाचणी झाली. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी, आपल्या आशाताईंपेक्षा थोडं जास्त प्रशिक्षण असलेल्या माणसांनी, ठरलेल्या पद्धतीप्रमाणे स्वस्तातल्या गोळ्या दिल्या, वरचेवर बीपी मोजलं आणि ते १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न केला. उरलेल्या गावांत नेहमीसारखे उपचार चालू राहिले. चार वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी होता. हा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. उंदीर नाहीत, बशी नाही. शेतकरी माणसं, साध्या गोळ्या आणि बीपीचं यंत्र. जी ॲम्लोडिपिनची पट्टी जनऔषधी केंद्रात काही रुपयांत मिळते आणि जी तुम्ही ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधेच बंद करता, त्या जातीच्या औषधांचा हा पुरावा आहे. तिची भेट कोणी रिबीन बांधून पाठवत नाही, एवढाच तिचा दोष. (१३०/८० हा आकडा वाचून स्वतः गोळ्या वाढवू नका. चक्कर येणाऱ्या, पडणाऱ्या, फार वयस्कर माणसांचं लक्ष्य वेगळं असू शकतं. ते तुमच्या डॉक्टरशी बोला.)

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, त्यांतल्या एका बेटाच्या गुहेत याच कुळातली भारतीय पाकोळी घरटी करते. तिच्या घरट्यात लाळेबरोबर गवत-पिसंही असतात, त्यामुळे माल कमी दर्जाचा, तरीही ती घरटी चोरून काढली जात होती. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने हा प्रकार उजेडात आणला आणि तिथे संरक्षणाचं काम उभं केलं. अंडी-पिल्लांसकट घरटं ओरबाडलं की त्या हंगामाची वीण गेली. ज्या औषधाचा मेंदूला उपयोग दाखवता येत नाही, त्यासाठी सिंधुदुर्गातल्या पाखराने घर का गमवावं?

शेवटचं परदेशातल्या मुलांसाठी, कारण हा लेख तेही वाचतात. आई फोनवर तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते तेव्हा पोटात गोळा येतो आणि इतक्या लांबून काहीतरी करावंसं वाटतं, हे मला कळतं. मग हे करा. दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र पाठवा आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून आठवड्याची आकड्यांची वही वाचून घ्या. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जात असेल तर तिच्या कानांची तपासणी ठरवा. कानाचं यंत्र महाग असतं, पैसे खर्च करायची इच्छा असेल तर ते तिथे लागू द्या. मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’ म्हणून राहिला असेल तर ती जुन्या काळची गोष्ट झाली, शस्त्रक्रियेसाठी पिकायची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या सुटीत याल तेव्हा चार दिवसांतली एक सकाळ तिच्या डॉक्टरकडे तिच्यासोबत बसायला ठेवा, आणि विसरण्याचे प्रसंग कागदावर लिहून आणा: कधीपासून, काय विसरते, पैशांचा व्यवहार जमतो का, रस्ता चुकते का. आम्हाला त्या कागदाचा उपयोग कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त होतो.

आणि जी खोकी आधीच कपाटात आली आहेत त्यांचं काय? मधुमेह नसेल, दमा किंवा ॲलर्जीचा त्रास नसेल, तारीख उलटली नसेल आणि तुम्ही शाकाहारी नसाल, तर सरबत म्हणून प्या. चव काही जणांना आवडते. लहान मुलांना देऊ नका. प्यायल्यावर अंगाला खाज, ओठांना सूज किंवा धाप लागली तर वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलात जा आणि रिकामी बाटली सोबत न्या.